एक 'दॅट' गळला आणि खजिनदार काकांवर पावतीचा ठपका आला

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. ठाण्यातल्या एका हाउसिंग सोसायटीच्या माजी खजिनदारांचा मला फोन आला, ओळखीतल्या कुणीतरी नंबर दिला होता, मी इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते म्हणून. वय सत्तरीच्या आसपास असावं, आवाज शांत होता पण दमलेला. म्हणाले, "मॅडम, मला फक्त एक वाक्य वाचून सांगा, यात मी दोषी आहे असं लिहिलंय का नाही ते." मी म्हटलं काका पाठवा. मेलवर आली नऊ पानांची पीडीएफ, आणि मग त्या एका वाक्यावरून आम्ही तीन आठवडे काम करत बसलो. ते प्रकरण इथे सविस्तर लिहितेय कारण अशी वाक्यं मी दर महिन्याला बघते, अहवालात, मिनिट्समध्ये, वकिलाच्या नोटिशीत, आणि बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

आधी पार्श्वभूमी. सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम झालं होतं, ठेकेदाराला १ लाख ८० हजार रुपये दिले गेले, पाऊस पडला आणि वरच्या मजल्यावर पुन्हा ओल आली. मग नेहमीचंच, मीटिंगमध्ये आवाज चढले, तीन सभासदांची चौकशी समिती नेमली, समितीने चांगलं मन लावून मराठीत अहवाल लिहिला, सोबत दोन परिशिष्टं. इथपर्यंत सगळं ठीक. पण सोसायटीत तमिळ, मल्याळी, गुजराती घरं आहेत, एक फ्लॅटमालक बहरीनला असतो, त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी प्रत करायची ठरली. समितीतल्या एका सदस्यांच्या मुलाने ती केली, आयटीत आहे, इंग्रजी बोलणं लिहिणं खरंच चांगलं आहे त्याचं, ऑफिसमधून आल्यावर दोन रात्री जागून केलंन, एक पैसा न घेता. त्याच्या इंग्रजीत स्पेलिंगची चूक नाही, काळाची चूक नाही, कुठलाही ग्रामर चेकर लाल रेघ मारणार नाही. आणि तरीही ती प्रत मेलवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी बहरीनच्या मालकांचं उत्तर आलं की समिती स्वतःच म्हणतेय फाइलमध्ये पावती नाही, मग खजिनदारांकडून पैसे वसूल का करत नाही. त्याला आणखी चौघांनी दुजोरा दिला. मराठी अहवाल वाचणाऱ्यांना कळेचना की हे कुठून आलं, कारण मराठीत समितीने असं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

ते वाक्य हे. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीतच देते, वाचायला थोडं जड जाईल पण मोठ्याने वाचलंत तर लगेच लागेल.

'द सेक्रेटरी स्टेटेड दॅट द ट्रेझरर हॅड पेड द काँट्रॅक्टर विदाउट अ रेझोल्यूशन अँड नो रिसीट वॉज फाउंड इन द फाइल.'

आता विचारा स्वतःला, फाइलमध्ये पावती सापडली नाही हे कोण म्हणतंय? सेक्रेटरी मॅडम म्हणतायत, की समिती? वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं. 'दॅट'च्या पोटात दोन्ही गोष्टी आहेत असं धरलं तर ते सगळं सेक्रेटरींचं म्हणणं. आणि 'दॅट'चं पोट 'रेझोल्यूशन'पाशी संपलं असं धरलं तर 'अँड'च्या पुढचं वाक्य मोकळं, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्याचं, म्हणजे समितीचा निष्कर्ष. आरोप आणि निष्कर्ष यात किती फरक आहे हे ज्याच्यावर आरोप झालाय त्याला विचारा.

बहरीनच्या मालकांनी दुसरा अर्थ घेतला आणि त्यांची काहीच चूक नव्हती. उलट वाक्यात त्या बाजूला ढकलणारी एक खूण होती, काळाची. पहिल्या भागात 'हॅड पेड' आहे, म्हणजे सेक्रेटरी बोलल्या त्याच्या आधीची गोष्ट, इंग्रजीत दुसऱ्याचं म्हणणं सांगताना काळ असा एक पायरी मागे जातो हे आपण शाळेत इनडायरेक्ट स्पीचमध्ये शिकलो. दुसऱ्या भागात मात्र साधं 'वॉज फाउंड'. चांगला वाचक नकळत हे टिपतो, पायरी मागे गेलेली नाही म्हणजे हे म्हणणं संपलं, आता लिहिणारा स्वतः बोलतोय. भाषांतर करणाऱ्या मुलाने हे मुद्दाम केलं नव्हतं, दोनदा 'हॅड' नको म्हणून दुसरीकडे साधा भूतकाळ टाकला एवढंच.

मग मी मूळ मराठी मागवलं. तिथे होतं:

'खजिनदारांनी ठरावाशिवाय ठेकेदारास रक्कम दिली व फाइलमध्ये पावती आढळली नाही, असे सचिवांनी सांगितले.'

बघा, काही शंकाच नाही. शेवटचं 'असे सचिवांनी सांगितले' मागच्या सगळ्याला गाठोड्यासारखं बांधून टाकतं. रक्कम दिली हेही त्यांचं, पावती नाही हेही त्यांचंच. हा जो 'असे' आहे ना, तो आपल्या भाषेतला फार कामाचा शब्द आहे आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही. बोलताना 'म्हणून' वापरतो, "मी येतो म्हणून सांगून गेला", तेच काम. कुणाचं म्हणणं कुठे संपलं ते तो शब्द सांगतो. इंग्रजीत असं काही नाहीच. इंग्रजीचा 'दॅट' दार उघडतो पण दार लावणारा शब्द त्या भाषेत नाही. थेट बोलणं असेल तर अवतरणचिन्ह बंद करता येतं, पण म्हणणं सांगायचं असेल तर वाचकाने अंदाज करायचा, दार अजून उघडं आहे का लागलं. म्हणून इंग्रजीत दुसरी गोष्टही त्याच दाराच्या आतली आहे हे सांगायला 'दॅट' परत लिहावा लागतो, 'अँड दॅट'. काहीजण तो द्विरुक्ती समजून काढतात, पण मराठीतल्या 'असे'चं काम इंग्रजीत तोच दुसरा 'दॅट' करतो.

आणि मराठी नेहमीच स्पष्ट असते असं समजू नका हां. हेच वाक्य समितीने 'की' घालून लिहिलं असतं, 'सचिवांनी सांगितले की खजिनदारांनी ठरावाशिवाय रक्कम दिली आणि फाइलमध्ये पावती आढळली नाही', तर मराठीतही तोच घोळ झाला असता, कारण 'की' हा दार उघडणाराच आहे. शाळेत उभयान्वयी अव्ययांच्या धड्यात स्वरूपबोधक म्हणून 'की, म्हणून, म्हणजे, जे' अशी यादी पाठ केलेली आठवत असेल, 'विनंती अर्ज ऐसा जे' हे उदाहरणही आठवेल. चारही एकाच खान्यात असल्यामुळे आपण ते सारखेच समजतो, पण 'की' आणि 'जे' पुढे बघतात, 'म्हणून' मागे बघतो. हल्ली बातम्यांत आणि अहवालांत 'की' फार वाढलाय, इंग्रजी वाक्याच्या चालीवर लिहिल्यामुळे, आणि त्याबरोबर इंग्रजीची ही अडचणही आपण घरात आणलीय असं मला मनापासून वाटतं. समितीतल्या आजोबांनी जुन्या सरकारी वळणाने 'असे... सांगितले' लिहिलं आणि ते वाक्य बचावलं.

दुरुस्ती सोपी होती. '...विदाउट अ रेझोल्यूशन अँड दॅट नो रिसीट हॅड बीन फाउंड इन द फाइल.' एक 'दॅट' घातला, काळ एक पायरी मागे नेला. मुलाने विचारलं, "ताई, 'शी हॅड फाउंड नो रिसीट' केलं तर अजून क्लिअर होईल ना?" होईल, पण ते आपण करायचं नाही, मूळात 'आढळली नाही' आहे, कुणाला आढळली नाही ते सचिवांनी सांगितलेलं नाही, मग आपण त्यांच्या तोंडी 'मी शोधली' कसं घालणार. त्याला ते पटलं. स्वल्पविरामाचंही त्याने विचारलं, 'अँड'च्या आधी कॉमा दिला तर? तर उलट झालं असतं, कॉमामुळे दुसरा भाग अजूनच सुटा पडतो, दार लागल्याचा आवाज येतो म्हणा ना.

आता फोनवर काका म्हणाले होते एकच वाक्य, पण एक सापडल्यावर मी सगळी नऊ पानं वाचली आणि पान ४ वर अडकले.

'द कमिटी टुक चार्ज ऑफ अनसाइन्ड रिसीट्स अँड बिल्स.'

सही नसलेल्या पावत्या आणि बिलं. सही कशावर नाही? फक्त पावत्यांवर, का दोन्हींवर? इंग्रजीत 'अनसाइन्ड' हे विशेषण पुढच्या एका नामापुरतं आहे का 'अँड'ने जोडलेल्या जोडीला मिळून आहे हे शब्दांवरून कळायला मार्गच नाही. मूळ मराठी होतं, 'समितीने सही नसलेल्या पावत्या आणि बिले ताब्यात घेतली.' इथे थांबून बघा. पावती स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन पावत्या, म्हणून विशेषण 'नसलेल्या'. बिल नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन बिले, त्याला लागलं असतं तर विशेषण 'नसलेली' झालं असतं, 'सही नसलेली बिले'. म्हणजे 'नसलेल्या'मधला तो 'ल्या' पावत्यांचा हात धरून आहे, बिलांचा नाही. हा इशारा इंग्रजीत जाताना पुसला गेला, कारण इंग्रजीत 'अनसाइन्ड'ला लिंग नाही की वचन नाही, तो सगळ्यांना सारखाच.

पण मी इथे घाई केली नाही, आणि तुम्हीही करू नका. मराठीत विशेषण बऱ्याचदा जवळच्या नामाप्रमाणे चालतं, अर्थ दोघांना लागू असला तरी. 'चांगल्या बायका आणि पुरुष' म्हटलं तर पुरुष वाईट आहेत असा अर्थ कुणी काढत नाही. तेव्हा 'नसलेल्या' हा पुरावा नाही, तो कल आहे. कल कुठे आहे ते भाषा सांगते, खरं काय ते फाइल सांगते. म्हणून मी काकांना म्हटलं परिशिष्ट पाठवा, मुलाने फोटो काढून पाठवले. परिशिष्ट २ मध्ये यादी होती, ४ पावत्या, चारही बिनसहीच्या, आणि ९ बिलं, प्रत्येकावर ठेकेदाराची सही आणि शिक्का. म्हणजे कल बरोबर होता. आणि बघा, यातून पहिल्या वाक्याचाही निकाल लागला, समितीला फाइलमध्ये पावत्या सापडल्या होत्या! सही नव्हती, पण पावत्या होत्या. 'पावती आढळली नाही' हे समितीचं म्हणणं असूच शकत नव्हतं, तिच्याच परिशिष्टाशी भांडलं असतं ते. इंग्रजी प्रतीबरोबर परिशिष्टं पाठवलीच नव्हती, त्यामुळे मेल वाचणाऱ्यांना हे पडताळायची सोयही नव्हती.

मग हे वाक्य नीट कसं करायचं यावर आमचा बराच वेळ गेला, आणि ह्या कामातला मला सगळ्यात आवडलेला तास तो. मुलाने आधी सुचवलं, 'रिसीट्स विदाउट अ सिग्नेचर अँड बिल्स.' म्हणजे विशेषण पुढून काढून मागे टाकलं, वाटलं आता पावत्यांना चिकटलं. मी त्याला म्हटलं हे मोठ्याने वाच. त्याने वाचलं आणि स्वतःच थांबला. 'विदाउट अ सिग्नेचर अँड बिल्स', म्हणजे सही आणि बिलं या दोन्हींशिवायच्या पावत्या! आता बिलं ताब्यातूनच गेली. विशेषण नामाच्या मागे नेलं की त्या मागच्या तुकड्याच्या पोटात पुढचा 'अँड' शिरतो. मग त्याने 'बोथ' घालून बघितलं, 'रिस्पेक्टिव्हली' घालून बघितलं, वाक्य वकिली व्हायला लागलं. शेवटी नुसती जागा बदलली: 'बिल्स अँड अनसाइन्ड रिसीट्स.' ज्याला विशेषण नाही ते आधी, ज्याला आहे ते नंतर. 'अनसाइन्ड' आता 'अँड'च्या पलीकडे उभा आहे, मागे वळून बिलांना तो धरू शकत नाही. एक शब्द वाढवला नाही, कमी केला नाही. मराठीतही हीच युक्ती चालते, 'बिले आणि सही नसलेल्या पावत्या'. आम्ही वर आकडेही घातले, 'नाइन बिल्स अँड फोर अनसाइन्ड रिसीट्स', समितीने परवानगी दिल्यावर, कारण आकडे परिशिष्टात होतेच.

हा सगळा कीस कशाला काढायचा असं वाटत असेल तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातला एक निकाल सांगते, लॉकहार्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स, १ मार्च २०१६. तिथे एका फौजदारी कायद्यात तीन प्रकारच्या लैंगिक गुन्ह्यांची यादी होती आणि शेवटच्या गुन्ह्याच्या मागे तुकडा होता, 'इनव्हॉल्व्हिंग अ मायनर ऑर वॉर्ड', म्हणजे अल्पवयीन किंवा ताब्यातल्या व्यक्तीच्या बाबतीत. आरोपीचा आधीचा गुन्हा प्रौढ व्यक्तीच्या बाबतीतला होता. तो तुकडा तिन्ही गुन्ह्यांना लागू असेल तर आधीचा गुन्हा यादीत बसत नाही, नुसत्या शेवटच्याला लागू असेल तर बसतो, आणि बसला तर किमान १० वर्षांची शिक्षा सक्तीची. कोर्ट ६ विरुद्ध २ असं फुटलं. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला, मागचा तुकडा जवळच्या नामालाच लागतो या जुन्या नियमाने, त्यांचं उदाहरण बेसबॉलचं, टीमला बचावात पटाईत कॅचर हवाय, चपळ पायांचा शॉर्टस्टॉप हवाय (या बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या जागा) किंवा गेल्या वर्षीच्या विजेत्या टीममधला पिचर हवाय, इथे विजेती टीम फक्त पिचरपुरती. विरुद्ध मत न्यायमूर्ती एलेना केगन यांचं, त्यांचं उदाहरण सिनेमाचं, अमुक एका नव्या सिनेमाशी संबंधित अ‍ॅक्टर, डायरेक्टर किंवा प्रोड्यूसरला भेटायचंय असं कुणी म्हटलं आणि तुम्ही त्या सिनेमाशी काही संबंध नसलेला अ‍ॅक्टर आणून उभा केला तर चालेल का? मला स्वतःला केगन यांचं म्हणणं जास्त पटतं, यादी सरळ एकसारख्या नामांची असेल तर ऐकणारा शेवटचा तुकडा सगळ्यांना लावतो. पण बेसबॉलच्या उदाहरणात तसं होत नाही कारण तिथे कॅचरला आणि शॉर्टस्टॉपला आपापली वेगळी विशेषणं पुढे लावलेली आहेत, यादीतला प्रत्येकजण आपलं सामान घेऊन आलाय. म्हणजे आठ शिकलेली माणसं एकाच वाक्यासमोर बसली आणि दोन अर्थ घेऊन उठली, आणि मधे एका माणसाची दहा वर्षं होती.

यात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. तो कायदा मराठीत करायला घ्या. 'इनव्हॉल्व्हिंग अ मायनर' मराठीत सहसा नामाच्या मागे राहत नाही, तो पुढे येणार, 'अल्पवयीन व्यक्तीबाबतचे' असा. मग तो यादीच्या तोंडाशी ठेवायचा का तिसऱ्या गुन्ह्याच्या तोंडाशी? कुठेतरी ठेवावाच लागेल आणि ठेवला की निकाल दिल्यासारखं झालं. इंग्रजीत संदिग्ध राहता येतं तिथे मराठी भाषांतरकाराला सहजी राहता येत नाही. पावत्यांच्या वाक्यात उलटं झालं होतं, मराठीने कल दाखवला होता आणि इंग्रजीने तो पुसला. दोन्हीकडून भाषांतरकाराला मूळ कागद बघण्याशिवाय गत्यंतर नाही.

पान ५ वरचं तिसरं वाक्य वेगळ्याच जातीचं निघालं:

'द कमिटी एक्झॅमिन्ड द कंप्लेंट दॅट द सेक्रेटरी हॅड मेड अँड दॅट द वर्क वॉज इनकंप्लीट.'

इथे मुलाने माझ्या आधीच्या एका फोनवरून धडा घेऊन दोन्हीकडे 'दॅट' घातला होता, आणि म्हणाला ताई बघा आता बरोबर आहे ना. दिसायला जुळं दिसतं, पण हे दोन 'दॅट' सख्खे नाहीत. पहिला 'दॅट' म्हणजे आपला 'जी', सचिवांनी जी तक्रार केली ती. दुसरा 'दॅट' म्हणजे आपला 'अशी', काम अपुरं आहे अशी तक्रार. मराठीत हे दोन एकमेकांत मिसळायची शक्यताच नाही, 'सचिवांनी केलेली तक्रार' आणि 'काम अपुरं असल्याची तक्रार', रूपं वेगळी, कान लगेच ओळखतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून डोळा फसतो. ओळखायची खूण त्याला सांगितली, 'दॅट'च्या जागी 'विच' घालून बघ. 'द कंप्लेंट विच द सेक्रेटरी हॅड मेड', चाललं. 'द कंप्लेंट विच द वर्क वॉज इनकंप्लीट', नाही चाललं. जिथे 'विच' चालतो तिथला 'दॅट' नामाची ओळख सांगतो, कोणती तक्रार, आणि जिथे चालत नाही तिथला 'दॅट' नामाच्या आतला मजकूर सांगतो, काय तक्रार. एक बैल आणि एक घोडा एका जुवाला जुंपता येत नाहीत तसं यांना 'अँड'ने जोडता येत नाही. शिवाय मूळ मराठीत या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, 'सचिवांनी केलेली तक्रार आणि काम अपुरे असल्याचा मुद्दा', म्हणजे अपुऱ्या कामाचा मुद्दा सचिवांच्या तक्रारीतला आहे असंही नव्हतं, तो वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी तोंडी मांडला होता. इंग्रजीने तोही सचिवांच्या खात्यावर टाकला. आम्ही ते असं केलं: 'द कमिटी एक्झॅमिन्ड द सेक्रेटरीज कंप्लेंट अँड द क्वेश्चन व्हेदर द वर्क वॉज इनकंप्लीट.'

चौथं वाक्य निष्कर्षाचं, आणि त्यातलं 'अँड' बघून मी खरंच घाबरले.

'द कमिटी डिड नॉट फाइंड दॅट द ट्रेझरर हॅड मिसयूज्ड द मनी अँड दॅट द चेअरमन न्यू अबाउट इट.'

दोन 'दॅट' आहेत, दोन्ही सख्खे आहेत, जुवाला नीट जुंपलेत. पण वर 'नॉट' बसलाय. 'हे आणि ते आढळलं नाही' याचा अर्थ दोन्ही आढळलं नाही असाही होतो आणि दोन्ही मिळून आढळलं नाही, एखादं असू शकेल, असाही होतो. म्हणजे खजिनदारांनी गैरवापर केला असेल पण अध्यक्षांना माहीत नव्हतं, असंही कुणी वाचू शकतं. मूळ मराठीत 'किंवा' होतं, 'खजिनदारांनी पैशांचा गैरवापर केला किंवा अध्यक्षांना तो माहीत होता, असे समितीस आढळले नाही.' स्वच्छ वाक्य. मुलाने 'किंवा'चं 'अँड' का केलं? तो म्हणाला 'ऑर' घातलं तर समितीला नक्की माहीत नाही, हे का ते अशी शंका आहे असं वाटेल. समजण्यासारखं आहे, पण नकाराखाली 'ऑर' शंकेचा राहत नाही, तो दोन्ही गोष्टी पुसतो. "चहा किंवा कॉफी घेतली नाही" म्हटलं की दोन्ही घेतलं नाही. 'ऑर दॅट' केलं, झालं. हा सगळ्यात छोटा बदल होता आणि काकांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा.

दुरुस्त प्रत परिशिष्टांसकट समितीच्या सहीने पुन्हा मेलवर गेली. सोबत मुलाने दोन ओळी लिहिल्या की आधीच्या प्रतीत भाषांतराच्या चार चुका होत्या आणि त्या अमुक अमुक वाक्यांत होत्या, मूळ मराठी अहवालात काहीही बदल नाही. हे त्याने कुणी न सांगता केलं आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. बहरीनच्या मालकांनी काकांना स्वतः फोन केला. काका सगळ्यातून सुटले असं मात्र नाही, ठरावाशिवाय रक्कम दिली हे समितीनेही वेगळ्या परिच्छेदात नोंदवलेलं होतं आणि काकांनी ते वार्षिक सभेत मान्य केलं, पाऊस तोंडावर होता म्हणून दिली म्हणाले. फक्त जे समितीने म्हटलं नव्हतं ते त्यांच्या नावावरून निघालं.

त्यानंतर चार महिन्यांनी त्याच मुलाने पाण्याच्या टाकीच्या अहवालाची इंग्रजी प्रत मला बघायला पाठवली. उघडून बघते तर प्रत्येक 'अँड'च्या मागे 'दॅट'. 'द प्लंबर सेड दॅट ही वेंट टू द टेरेस अँड दॅट ही ओपन्ड द टँक अँड दॅट ही क्लोज्ड द व्हॉल्व्ह.' मी त्यातले मागचे दोन काढले, दोन 'ही'ही काढले. माणूस एकच आहे, तो वर गेला, टाकी उघडली, व्हॉल्व्ह बंद केला, कर्ता एकच असल्यामुळे वाचणारा ती क्रियापदं सहसा 'दॅट'च्या आतच धरतो, तिथे परत परत दार वाजवायची गरज नाही. पुढच्याच वाक्यात मात्र प्लंबर म्हणाला की व्हॉल्व्ह गंजलाय आणि सोसायटीने तीन वर्षं टाकी साफ केली नाही, तिथे कर्ता बदलला होता, आरोपही होता, तिथला 'अँड दॅट' मी तसाच ठेवला आणि त्याच्या बाजूला बरोबरची खूण केली.